उन्हाळा, गाव आणि दोघंच : तुमचा एक शनिवार-रविवार सांगा

सहल नको, रिसॉर्ट नको, हुरडा पार्टीही नको. उन्हाळ्यातले दोन दिवस, गावचं घर, घरात दोघंच, आणि रोजचीच कामं. तेवढंच या धाग्यावर लिहायचं. कितीही लहान चालेल. सुरुवात माझ्यापासून.

सासर लांजा तालुक्यातलं. मे महिन्यात ते घर कधी रिकामं नसतं. यंदा मात्र सगळे लग्नाला मुंबईला गेले आणि 'रातांबे वाया जातील, दोघं जा' असा निरोप आला. शुक्रवारी रात्रीच्या एसटीने पुण्याहून निघालो, सकाळी पोचून चहा घेतला आणि थेट पाटीपुढे बसलो. नवरा रातांबे फोडून देणार, मी बिया आणि गर एकीकडे, सालं दुसरीकडे करणार. गरात मीठ घातलं की त्याला रस सुटतो. त्या रसात सालं बुडवायची, उन्हात घालायची, दुसऱ्या दिवशी परत बुडवायची. अशी पाच-सात पुटं चढली की काळंभोर आमसूल होतं. आमच्या वाट्याला दोनच पुटं येणार होती, पुढची सासूबाई आल्यावर. तरी दर दोन तासांनी फोन : "मीठ बेतानं घाल गो. आणि खळ्यात वांदर नाय ना?"

वांदर होता. एक नव्हे, अकरा. नवरा काठी घेऊन पडवीत बसला. साडेबाराच्या सुमाराला मी सुपं फिरवायला खळ्यात गेले तेव्हा त्याने हाक मारली आणि खळ्याच्या मधोमध मुसळ उभं धरून दाखवलं. मुसळाला सावलीच नव्हती. मेच्या पहिल्या आठवड्यात आमच्याकडे सूर्य बरोबर डोक्यावर येतो. हे शाळेत शिकलो होतो, पाहिलं कधीच नव्हतं. आम्ही दोघं घामाने निथळत त्या मुसळाकडे बघत उभे राहिलो आणि तेवढ्यात वांदराने एक सूप उलटं केलं.

संध्याकाळी वीज नव्हती. कुळथाची पिठी, भात, भाजलेल्या आठळा. बोटं आठवडाभर लाल राहिली. ऑफिसात विचारलं, मेंदी का?

*

कराडच्या पुढचं गाव आमचं. आमचा शनिवार-रविवार रात्री सुरू होतो. शेतीची लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रातपाळीचा आठवडा आला की ह्यांच्याबरोबर मीही उसाला पाणी पाजायला जाते. आधी एकटेच जायचे. गेल्या वर्षी बांधावर नाग निघाला तेव्हापासून मीच हट्ट धरला.

ह्यांनी दारं धरायची, म्हणजे मातीचा बांध फोडून-घालून सरीसरीत पाणी वळवायचं, मी मोटरीपाशी बसायचं. मध्ये अर्धा एकर ऊस, हाक ऐकू येत नाही. म्हणून बॅटरीची भाषा ठरलीय. एकदा चमकवली की पाणी सरीच्या टोकाला पोचलं. दोनदा म्हणजे दार मोडलं, खोरं घेऊन ये. गोल फिरवली की पाइप निसटला, मोटर बंद कर. लग्नाला एकवीस वर्षं झाली, एवढं नीट बोलणं दिवसा होत नाही आमचं.

त्या शनिवारी दोनच्या सुमाराला लाइट गेली. येईल येईल म्हणून थांबलो. थर्मासमधला चहा होता, कालची भाकरी आणि ठेचा होता. मे महिन्यात दिवसभर वाऱ्याचं नाव नसतं, पण पहाटे उसातून गार झुळूक येते. हे पोतं टाकून तिथंच झोपले. मी जागी होते, लाइट आली तर मोटर सुरू करायला कुणीतरी पाहिजे. चारला आली. ह्यांना उठवलं नाही, एका सरीचं दार मीच धरलं. सकाळी म्हणाले, मातीचा बांध लई जाड घातलास.

*

धाग्याचं नाव वाचून हसू आलं. आमच्या गडचिरोलीकडे मे महिन्यात शनिवार-रविवार कुठचा? तेंदूचा, म्हणजे विडीच्या पानांचा हंगाम मोजून पंधरा-वीस दिवसांचा. पहाटे चारला मी अन् बायको जंगलात, ऊन तापायच्या आत पानं तोडून परत. दुपारी घरच्या सावलीत सत्तर-सत्तर पानांचा पुडा बांधत बसायचं. बायकोचा हात चालतो तसा माझा चालत नाही. मी मोजतो, ती न मोजता बांधते, अन् तिच्या पुड्यात सत्तरच निघतात. मी दोनदा सोडून पाहिले आहेत. आता आमच्या पानाचा लिलाव ग्रामसभाच करते, म्हणून हिशोबाची वही बायकोकडे. बस, एवढंच.

*

आम्ही दोघं निवृत्त, जळगाव जिल्ह्यात राहतो. घर जुनं, धाब्याचं, मातीच्या छताचं. उन्हाळ्यात रात्री धाब्यावर अंथरूण. दोन मुलं, दोघंही लांब.

सौभाग्यवतीचं म्हणणं असं की कुरडया विकतच्या आणायच्या नाहीत. बुधवारी गहू भिजत घातले, रोज पाणी बदललं, शनिवारी वाटून चीक काढला. रात्रभर चीक खाली बसला. रविवारी पहाटे पाचला तिने मला उठवलं. वरची निवळ ओतून टाकायची, चिकाएवढंच पाणी उकळायचं, त्यात मीठ, आणि मग चीक घालून घाटत राहायचं. घाटायला ती. गाठ झाली तर दोष माझा, कारण ओतायला मी. गरम असतानाच सोऱ्यात भरायचा, नाहीतर दाबताना हात मोडतो. मी दाबत होतो, ती खाटेवरच्या धोतरावर वेटोळी फिरवत होती. मध्येच म्हणाली, "सोऱ्या दाबायला माणूस लागतं, म्हणून तर केलं लग्न." बँकेत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला हे ऐकावं लागतं.

गरम चीक, वर तेल आणि तिखट. डॉक्टरांना सांगू नका. मग दिवसभर कावळ्यांची राखण. दोन किलो गव्हाच्या कुरडया खाणार कोण, हा प्रश्न मी दरवर्षी विचारतो. दरवर्षी त्या डब्यात भरून दोन दिशांना कुरिअरने जातात आणि निम्म्या वाटेत मोडतात.

*

अकोले तालुका, भंडारदऱ्याच्या वरच्या बाजूला. मेच्या शेवटी काजवे सुरू झाले की शनिवार-रविवारी आमच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. आम्हीही पाहुणे ठेवतो, पोट त्याच्यावर आहे, खोटं कशाला बोलू. पण मागच्या हंगामात एका शनिवारी दोघांनी फोन बंद करून ठेवले. घराचे दिवे मालवले. मागच्या ओढ्याला दोन सादडे आणि एक बेहडा आहे, तिथे जाऊन बसलो. काजवे एका झाडावर एका तालात लुकलुकतात, सगळं झाड पेटतं आणि विझतं. गाडीचा एक झोत पडला की ताल मोडतो. त्या रात्री दहानंतर तो मोडला नाही. बायको म्हणाली, दोन खोल्यांचं भाडं बुडालं. मग बराच वेळ उठली नाही.

*

आम्ही गेलो होतो, भांडून परत आलो. विहिरीत कळशी पडली.

*

असं नाही चालणार! कळशीचं पुढे काय झालं? (धागाकर्ती)

*

बरं, सांगतो. भांडण कशावरून ते विचारू नका, शनिवार सकाळपासून बोलणं बंद होतं. पाणी रहाटाने काढायचं, दोर पकडायला दुसरं माणूस लागत नाही, त्यामुळे अबोला व्यवस्थित चालला होता. संध्याकाळी तिच्या हातून दोराची गाठ सुटली आणि स्टीलची कळशी तळाला गेली. आता गळ टाकायचा तर एकाने कठड्यावरून वाकून दोर हलवायचा, दुसऱ्याने आरशाने उजेड पाडायचा. "डावीकडे", "अजून डावीकडे", "तुझ्या नव्हे, माझ्या डावीकडे", एवढं बोलावंच लागलं.

तासाभराने गळाला जड काहीतरी लागलं. ओढून काढलं तर तांब्याची कळशी, हिरवी पडलेली, आत चिखल. चिंचेने घासली तेव्हा गळ्याभोवती टाक्याने घातलेली अक्षरं उमटली : 'चि. सौ. कां.', मग पुढचं नाव झिजलेलं, आणि शेवटी 'हीस मामाकडून'. घरात विचारलं. आईला माहीत नाही, मोठ्या आत्यालाही नाही. घराण्यात कुणाची तरी कळशी पडली होती, कुणीतरी बोलणी खाल्ली असणार.

आमची स्टीलची अजून विहिरीतच आहे.