सशुल्क कंपोनंटची बग-यादी सर्वांसाठी खुली करावी का?

प्रश्न : उद्यमबागकर, बेळगाव

नमस्कार. उद्यमबागेत आमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे. पावत्या, पासबुके आणि अहवाल मराठी, कन्नड व इंग्रजीत छापण्यासाठी लागणारा एक कंपोनंट आम्ही तयार करतो आणि तो इतर डेव्हलपरांना लायसन्स व वार्षिक एएमसीवर (देखभाल करारावर) विकतो. निपाणी, चिकोडी, कोल्हापूर आणि हुबळी येथील डेव्हलपर हे आमचे ग्राहक आहेत, आणि त्यांचे ग्राहक म्हणजे सौहार्द सहकारी संस्था, आडते व फाउंड्रीवाले. आपल्या सीमाभागातल्या संस्थेला एकाच पावतीवर दोन्ही लिप्या लागतात, त्यामुळे हा व्यवसाय चालतो.

तक्रारी फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर येतात आणि आमच्यापैकी कोणीतरी त्या रेडमाईन या तक्रारी नोंदवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदवतो. ही यादी ग्राहकांना दिसत नाही. मध्यंतरी निपाणीहून तक्रार आली, की ‘कुऱ्हाडे’ हे आडनाव काही पासबुकांवर नीट उमटते आणि काहींवर ‘ह’च्या डोक्यावर रफार बसतो. त्याच सुमारास हुबळीच्या ग्राहकाने कळवले, की कन्नडमध्ये ‘रॅंक’ लिहिले असता ‘र’ उडून पुढच्या अक्षरामागे अर्कावत्तू (कन्नडमधला रफार) म्हणून जाऊन बसतो. एक तक्रार मराठी छपाई पाहणाऱ्या सहकाऱ्याकडे गेली, दुसरी कन्नड पाहणाऱ्याकडे. दोन्हींचे मूळ एकच होते : मजकूर साफ करणारे फंक्शन डोळ्यांना न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर (अक्षरे कशी जोडायची ते सांगणारे चिन्ह) काढून टाकत होते. मराठीत हा जॉइनर हलन्तानंतर येतो, कन्नडमध्ये हलन्ताच्या आधी. तो गेला की दोन्ही लिप्यांत ‘र’ आपले नेहमीचे जोडरूप घेतो. ज्या क्लार्कच्या कीबोर्डवरून स्वतंत्र ‘ऱ’ उमटतो, त्याला ही अडचण येतच नाही, म्हणून दोष कधी दिसे, कधी दिसत नसे.

तेव्हापासून माझ्या मनात आहे की बगची यादी सर्वांना खुली करावी. माझ्या भागीदारांचे म्हणणे असे, की ओपन सोर्सवाल्यांना, म्हणजे आपला कोड सर्वांना खुला ठेवणाऱ्यांना, हे शोभते. पैसे घेऊन माल विकणाऱ्याने आपल्या मालातले दोष चव्हाट्यावर मांडू नयेत, कारण उद्या प्रतिस्पर्धी तीच यादी छापून आपल्या ग्राहकापुढे ठेवील. सशुल्क टूल वापरणाऱ्यांनी आणि विकणाऱ्यांनी आपले मत सांगावे, ही विनंती.

उत्तर : निपाणीकर

मी आपला ग्राहक नाही. तंबाखू व्यापाऱ्यांसाठी बिलिंगची सॉफ्टवेअरे लिहितो आणि दिवसभर दुसऱ्यांची विकत घेतलेली टूल्स वापरतो. त्यामुळे घेणाऱ्याच्या बाजूने लिहितो.

आपल्या भागीदारांचा पहिला मुद्दा वस्तुस्थितीला धरून नाही. जेटब्रेन्स कंपनीचे इंटेलिजे आयडिया हे कोड लिहिण्याचे टूल घ्या. २००९ साली त्याची कम्युनिटी आवृत्ती ओपन सोर्स झाली, पण अल्टिमेट ही पैसे देऊन घ्यायची आवृत्ती होती आणि तिचा पूर्ण सोर्स कोणाला मिळत नव्हता. तरीही तिचे बग त्यांच्या यूट्रॅक या ट्रॅकरवर (बग नोंदवण्याच्या जागी) कोणालाही वाचता येत, त्यांवर मत देता येई आणि टिप्पणी करता येई. आजही ते ट्रॅकर खुलेच आहे. युनिटी हे गेम इंजिन व्यापारी कंपनीचे आहे, त्याचेही सार्वजनिक इश्यू ट्रॅकर आहे. जिरा हे तक्रारी नोंदवण्याचे सॉफ्टवेअर विकणाऱ्या ॲटलासियनने स्वतःच्या जिराच्या तक्रारी जिरावरच उघड ठेवल्या आहेत. तेव्हा सोर्स बंद ठेवणे आणि दोषांची यादी बंद ठेवणे हे दोन निर्णय वेगळे आहेत, आणि ते एकत्र घ्यावेत अशी सक्ती कोणावर नाही.

आता घेणाऱ्याला त्यातून काय मिळते ते सांगतो. रात्री साडेदहाला व्यापाऱ्याचा फोन येतो की बिल निघत नाही. त्या वेळी मला टूलच्या कंपनीकडून सहानुभूतीची गरज नसते. मला तीन गोष्टी कळायला हव्या असतात : हा दोष माझ्या कोडमध्ये आहे की त्यांच्या, कोणत्या आवृत्तीपासून आहे, आणि तोवर चालवून नेण्याजोगा काही तोडगा आहे का. खुल्या यादीत एरर मेसेज टाकून शोधले की बहुधा पाच-दहा मिनिटांत ही उत्तरे मिळतात, आणि कित्येकदा तोडगा कंपनीने दिलेला नसून आपल्यासारख्याच एखाद्या डेव्हलपरने टिप्पणीत लिहिलेला असतो. यादी बंद असेल तर मी अर्धी रात्र स्वतःचा कोड उसवत बसतो आणि सकाळी सपोर्टवाला सांगतो, ‘‘हो सर, हा नोन इश्यू आहे.’’ हे वाक्य ऐकल्यावर एका टूलचे नूतनीकरण मी थांबवले. दोष कोणत्या टूलमध्ये नसतो? पण माहीत असलेला दोष लपवून माझी रात्र खर्ची घालणाऱ्याला एएमसी कशासाठी द्यायची?

याउलट उदाहरण ॲपलचे आहे. त्यांच्याकडे नोंदवलेला बग फक्त नोंदवणाऱ्याला दिसतो. २०१९ मध्ये जुन्या बग रिपोर्टरच्या जागी फीडबॅक असिस्टंट आले. त्यात अशाच इतर तक्रारी दहापेक्षा कमी आहेत की जास्त, इतपत मोघम माहिती मिळते, पण त्या तक्रारी वाचता येत नाहीत. या बंद पद्धतीमुळे डेव्हलपरांनी त्याच्या कित्येक वर्षे आधीच स्वतः ओपन रडार नावाची जागा उभी केली होती आणि कंपनीला पाठवलेल्या तक्रारींची प्रत ते तिथे चिकटवू लागले. म्हणजे यादी बाहेर आलीच, फक्त तिच्यावर कंपनीचे उत्तर नव्हते.

आपल्या ‘कुऱ्हाडे’ प्रकरणात तर माझा मुद्दा आयताच आहे. निपाणीच्या माणसाने हुबळीच्या माणसाची तक्रार वाचली असती तर ‘‘दोन्हीकडे ‘र’च आहे’’ हे त्याच्या ध्यानात आले असते, कारण आमच्याकडचे निम्मे डेव्हलपर दोन्ही लिप्या वाचतात. ही नजर कंपनीच्या आत मिळेलच असे नाही.

उत्तर : शहापूर-बेळगाव

वरील बहुतेक मुद्दे मान्य आहेत, परंतु आपल्या ग्राहकांचे ग्राहक पतपुरवठा करणाऱ्या संस्था आहेत, ही बाब कोणी लक्षात घेतलेली दिसत नाही. मी अशा एका संस्थेचे संगणकीय काम पाहतो. पासबुक चुकीचे छापले गेले की क्लार्क काय करतो? मोबाईलवर फोटो काढतो आणि पाठवतो. त्या फोटोत सभासदाचे नाव, खाते क्रमांक, शिल्लक आणि कधीकधी आधार क्रमांकही असतो. आपला डेव्हलपर ग्राहक तोच फोटो यादीत चढवील आणि तो शोधयंत्रांत कायमचा नोंदला जाईल. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा बाजूला ठेवला तरी, गावातल्या सभासदाची थकबाकी इंटरनेटवर दिसली तर संस्थेच्या अध्यक्षांना वार्षिक सभेत उभे राहणे कठीण होईल.

म्हणून जोडपत्रे मुळात खासगी असावीत आणि फक्त वर्णन खुले असावे. मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल स्टुडिओ या कोड लिहिण्याच्या टूलमधून समस्या कळवली तर लॉग आणि मेमरी डंप मायक्रोसॉफ्टपुरते राहतात, मथळा व वर्णन मात्र सर्वांना दिसते. यूट्रॅकमध्येही जोडपत्र केवळ कंपनीच्या चमूला दिसेल असे ठेवता येते. आपल्याकडे रेडमाईन आहेच, त्यात एखादा इश्यू किंवा एखादी टीप खासगी करता येते. यादी गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर नेण्याचा विचार असेल तर हे ध्यानात घ्यावे, की सार्वजनिक रिपॉझिटरीत (प्रकल्पाच्या खुल्या कोठारात) एखादाच इश्यू खासगी ठेवण्याची सोय नाही. तेथे फोटो आणि लॉग मागूच नयेत.

दुसरी गोष्ट सुरक्षेच्या दोषांची. मायएसक्यूएल या डेटाबेसची बग-यादी खुली आहे, तरी सुरक्षेशी संबंधित नोंदी त्याची मालक कंपनी ओरॅकल त्यात उघड ठेवत नाही. पॅच (दुरुस्ती) ग्राहकांपर्यंत पोहोचेपर्यंत असे दोष झाकलेले राहणे योग्यच आहे, मात्र त्याला मुदत हवी. गूगलचा प्रोजेक्ट झिरो हा सुरक्षेचे दोष शोधणारा चमू दोष कळवल्यावर कंपनीला सर्वसाधारणपणे ९० दिवस देतो. आपण किती द्यावेत ते आपण ठरवा, पण ठरवून लिहून ठेवा.

उत्तर : खानापूरचा टेस्टर, सध्या बंगळूर

दोन्ही उत्तरे चांगली आहेत. मी बरीच वर्षे टेस्टिंगमध्ये आहे आणि खुल्या यादीच्या आतल्या बाजूला बसून काम केलेले आहे, तेव्हा रोजच्या व्यवहाराचे लिहितो. यादी खुली करणे हे एका दुपारचे काम आहे. ती जिवंत ठेवणे हे मनुष्यबळाचे काम आहे, आणि छोट्या कंपन्या येथेच फसतात.

खुल्या यादीत पडलेल्या नोंदीला आठवडाभर कोणी हातच लावला नाही, तर तिचा परिणाम बंद यादीपेक्षा वाईट होतो, कारण दुर्लक्षसुद्धा तारखेसकट सर्वांना दिसते. म्हणून सुरुवातीला युनिटीची पद्धत आपल्याला अधिक मानवेल असे वाटते. तिथे ग्राहक एडिटरमधूनच तक्रार पाठवतो, शक्य तर पूर्ण प्रोजेक्टसह. त्यांचे टेस्टर दोष स्वतःच्या मशीनवर घडवून पाहतात आणि खात्री पटल्यावरच तो सार्वजनिक ट्रॅकरवर येतो. यामुळे कच्च्या, अर्धवट आणि निव्वळ रागाने लिहिलेल्या नोंदी बाहेर जात नाहीत आणि शहापूरच्या सरांनी सांगितलेला पासबुकाचा फोटोही आतच राहतो. तोटा एवढाच, की नोंद प्रसिद्ध होईपर्यंत दुसऱ्या ग्राहकाला ती दिसत नाही. त्यामुळे खात्री करण्याचे काम तुंबू देता कामा नये. आपल्याकडे त्यासाठी रोज सकाळचा तासभर तरी एखाद्या माणसाने काढायला हवा, आणि तो माणूस बदलत राहू नये.

स्थितीची नावे कमी ठेवा आणि प्रत्येकीचा अर्थ ठरवून टाका. ‘दुरुस्त’ म्हणजे कोडमध्ये दुरुस्त की ग्राहकाला मिळालेल्या आवृत्तीत दुरुस्त? या एका संदिग्धतेवरून मी जितकी भांडणे पाहिली आहेत तितकी प्रत्यक्ष दोषांवरूनही पाहिली नाहीत. दुरुस्ती कोणत्या बिल्डमध्ये (तयार केलेल्या आवृत्तीत) आली तो क्रमांक नोंदीत लिहावा आणि रिलीजसोबतच्या टिपणात नोंदींचे क्रमांक द्यावेत, म्हणजे ग्राहक स्वतः ताडून पाहू शकतो. तारखेचे आश्वासन मात्र यादीत कधीही देऊ नये. जे करणारच नाही ते ‘करणार नाही’ असे कारणासह लिहून बंद करावे. लोक थोडे रागावतात, पण दुसरा मार्ग शोधायला मोकळे होतात. वर्षानुवर्षे ‘विचाराधीन’ ठेवलेल्या मागणीवर मात्र दरवर्षी नवी कडवट टिप्पणी येत राहते. ॲटलासियनच्या यादीत दहा वर्षांहून जुन्या मागण्यांखाली हे कोणालाही पाहता येईल.

मतांबद्दल. जावा ही भाषा सन कंपनीकडे होती त्या काळी तिच्या बगवर डेव्हलपर मते देत, गूगलच्या ट्रॅकरवर ताऱ्याचे चिन्ह दाबत. यातून किती जणांना त्रास होतो हे कळते, कोणाला किती त्रास होतो हे कळत नाही. एका संस्थेचे व्याज चुकीचे छापले जात असेल आणि तिचे मत एकच असेल, तर ते रंगाच्या मागणीवरील चाळीस मतांच्या खाली जाता कामा नये. आपल्यासारख्या कंपनीला ग्राहक नावानिशी माहीत असतात, मतांची आकडेवारी फार मनावर घेण्याचे कारण नाही.

प्रतिस्पर्ध्याच्या भीतीबद्दल एवढेच सांगतो, की तो यादी दाखवील हे खरे आहे. पण तो दाखवील त्याच पानावर किती नोंदी किती दिवसांत बंद झाल्या हेही असेल आणि ग्राहक त्याला त्याची यादी मागेल. भीती धरायचीच असेल तर ती ट्रॅकर मध्येच बंद करण्याची धरावी. मायक्रोसॉफ्ट कनेक्ट हे त्या कंपनीचे बग नोंदवण्याचे संकेतस्थळ २०१७ मध्ये बंद झाले आणि कित्येक वर्षे लोकांनी आपापल्या कोडच्या कमेंटमध्ये ‘हा तोडगा या बगमुळे’ म्हणून दिलेले दुवे निरुपयोगी झाले. यादी आपल्या स्वतःच्या डोमेनवर ठेवा, म्हणजे पुढे सॉफ्टवेअर बदलले तरी नोंदीचा पत्ता तोच ठेवता येईल.

प्रश्नकर्ता : उद्यमबागकर

सर्वांचे आभार. भागीदारांना हे सर्व वाचायला दिले. युनिटीसारखी आधी खात्री, मग प्रसिद्धी ही पद्धत त्यांना पटली आहे. प्रतिस्पर्ध्याच्या बाबतीत ते अजून साशंक आहेत, म्हणून पहिल्या टप्प्यात यादी एएमसी असलेल्या ग्राहकांनाच लॉगिन देऊन दाखवावी असे त्यांचे म्हणणे आहे. आणखी एक अडचण विचारतो. हुबळीचे ग्राहक कन्नडमध्ये लिहितील, कोल्हापूरचे मराठीत. नोंदीची भाषा कोणती ठेवावी?

उत्तर : निपाणीकर

लॉगिनच्या मागे ठेवलेली यादी शोधयंत्राला दिसत नाही, त्यामुळे रात्री साडेदहाचा माझा शोध तिथे पोहोचणार नाही आणि नवा ग्राहक विकत घेण्यापूर्वी ती पाहू शकणार नाही. भागीदारांसाठी टप्पा म्हणून ठीक आहे, पण दुसऱ्या टप्प्याची तारीख आजच ठरवून घ्या, नाहीतर पहिला टप्पाच कायमचा होतो.

भाषेचे म्हणाल तर मथळा आणि एरर मेसेज इंग्रजीत, जसाच्या तसा ठेवावा, कारण शोध त्यावरच होतो. वर्णन ज्याने त्याने आपल्या भाषेत लिहावे. इंग्रजीची सक्ती केली तर लोक दोन ओळींत उरकतात आणि नेमकी हवी ती पायरी गाळतात. खात्री करणाऱ्या माणसाने वर दोन ओळींचा इंग्रजी सारांश जोडला की पुरते. मात्र छपाईच्या दोषासाठी एक रकाना सक्तीचा करा : तुटणाऱ्या शब्दातील युनिकोड संकेतांक (प्रत्येक अक्षराचा ठरलेला क्रमांक), क्रमाने. फोटोत जॉइनर दिसत नाही, आणि मजकूर चिकटवला तरी वाटेत कोणते ॲप तो गाळून टाकील याचा नेम नाही. ‘कुऱ्हाडे’मध्ये ०९३१ (स्वतंत्र ‘ऱ’) आहे, की ०९३० (‘र’) नंतर ०९४डी (हलन्त) आणि २००डी (जॉइनर) आहे, हे नोंदीत लिहिलेले असेल तर पहिल्या दोन फेऱ्यांची विचारपूस वाचेल. ग्राहकाला हे हाताने काढता येणार नाही, तेव्हा आपल्या कंपोनंटमध्येच ‘संकेतांक कॉपी करा’ असे एक बटण द्या.