अटलांटिकचा तुमचा किनारा कोणता? अनुभव सांगा

आईबाबा जूनमध्ये न्यू जर्सीला येतायत. दोघंही देवगडचे, समुद्राच्या काठावरच वाढलेले. पण सूर्य त्यांनी समुद्रात बुडतानाच पाहिलाय, समुद्रातून वर येताना कधी नाही. तो त्यांना दाखवायचाच आहे. किनाऱ्यांच्या याद्या हव्या तेवढ्या मिळतात. मला हवंय ते तुम्ही प्रत्यक्ष पाहिलेलं: वाळूत किती चालावं लागतं, पाणी किती गार, वयस्कर माणसांचा निभाव लागतो का.

सुरुवात मी करते. आम्ही एडिसनहून सँडी हूकला जातो. उत्तर टोकावरून पाण्यापलीकडे मॅनहॅटन दिसतं. 1764 चं दीपगृह अजून चालू आहे. उन्हाळ्यात शनिवार-रविवारी सकाळी लवकर पोचा, पार्किंग भरलं की गाड्या परत पाठवतात. आणि तिथल्या गनिसन भागात कपड्यांविना वावरायची मुभा आहे, तेव्हा आईवडील सोबत असतील तर पाट्या नीट वाचा.

मेरीलँडहून
असाटीग बेट. रानटी घोडे वाळूत मोकळे फिरतात. आमच्या शेजारच्या कुटुंबाच्या डब्यात एकाने सरळ तोंड घातलं होतं. लांब राहा, खायला देऊ नका, ते चावतात आणि लाथाही मारतात. डास आणि चावऱ्या माश्यांचा त्रास जुलैत फार. मे किंवा ऑक्टोबर उत्तम.

रॉलीहून
आमच्या नॉर्थ कॅरोलायनातल्या आउटर बँक्ससारखा किनारा मी दुसरा पाहिला नाही, पण आधी एक सांगतो. चार वर्षांपूर्वी माझा मेव्हणा तिथे कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. चांगला पोहणारा. लाटांच्या मधे एक पट्टा शांत दिसत होता, तिथे तो सरकला आणि पुढच्या मिनिटाला खूप आत गेला. तो रिप करंट होता. शांत दिसतं तिथूनच पाणी परत समुद्रात ओढ घेतं. तो सरळ किनाऱ्याकडे हात मारत होता आणि जागचा हलत नव्हता. जीवरक्षकाने हातवारे करून बाजूला, किनाऱ्याला समांतर पोहायला लावलं, तेव्हा सुटला. बाहेर आला तेव्हा ओठ निळे, आणि बहिणीने त्याचा हात संध्याकाळपर्यंत सोडला नाही. जीवरक्षक नसेल तिथे पाण्यात उतरू नका. लाल झेंडा असेल तर पायही बुडवू नका.

बाकी जागा अप्रतिम. हॅटरसचं दीपगृह समुद्र जवळ आला म्हणून 1999 मध्ये अख्खं उचलून सुमारे 880 मीटर मागे नेलं. रोडँथीला खांबांवरची घरं लाटांत कोसळतायत. जॉकीज रिजच्या वाळूच्या टेकडीवर माझ्या वडिलांनी पतंग उडवला, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी.

बॉस्टनहून
केप कॉड. पाणी ऑगस्टमध्येही गार. सील भरपूर, त्यांच्यामागे मोठे पांढरे शार्क येतात. शार्कच्या चित्राचा जांभळा झेंडा दिसला तर आत जाऊ नका. वाळूवरून चालायला मात्र याच्यासारखी जागा नाही.

दक्षिण जर्सीहून
ताई, देवगडच्या माणसांना ‘केप मे’ या गावी न्या. गाव न्यू जर्सीच्या दक्षिण टोकावर आहे. पहाटे अटलांटिकवर सूर्योदय, आणि संध्याकाळी पाच-दहा मिनिटं गाडीने गेलं की सनसेट बीचवर डेलावेअर उपसागरात सूर्यास्त. वाळूत गारगोट्यांचे गुळगुळीत खडे सापडतात, त्यांना इथे केप मे डायमंड म्हणतात. माझ्या सासूबाईंनी पदरात मूठभर गोळा केले, ते आता साताऱ्यात देव्हाऱ्यापाशी आहेत. समुद्राकडच्या किनाऱ्याला उन्हाळ्यात प्रवेशाचा बॅज विकत घ्यावा लागतो. फुकट हवं तर जवळच वाइल्डवुड आहे, पण तिथली वाळू इतकी रुंद की पाण्यापर्यंत जाताना म्हातारी माणसं दमतात. पाण्यात उतरायचं असेल तर जून गारच. सप्टेंबरात पाणी उबदार आणि गर्दी कमी, पण बऱ्याच ठिकाणी जीवरक्षक निघून गेलेले असतात.

धागाकर्ती
केप मे ठरलं. दोन्ही एकाच दिवसात, हे मला माहीतच नव्हतं! जूनमध्ये तिथे साडेपाचच्या सुमाराला सूर्य उगवतो. बाबा देवगडात रोज साडेचारला उठतात.