लिफ्टच्या ऑटो डोअरचं काम झाल्यावर नेमकं काय काय तपासायचं?

प्रश्न (ठाणे_लिफ्ट): आठ मजली इमारत, सेंटर ओपनिंग (मधून दोन्हीकडे सरकणारं) ऑटो डोअर. तिसऱ्या मजल्याचं लॉक आणि सिलमधले (उंबऱ्याच्या खाचेतले) शू, म्हणजे दाराच्या तळाचे सरकते तुकडे, बदलले. दोन-चार फेऱ्या नीट झाल्या की काम संपलं, असं साइटवर सगळेच धरतात. तेवढं पुरतं का?

शाफ्टवाला: नाही पुरत. सगळ्या मजल्यांचे लॉक कॉन्टॅक्ट (दार लॉक झालं की जुळणारे स्विच) सिरीजमध्ये, एकामागे एक जोडलेले असतात. एकावर जंपर (कॉन्टॅक्ट वगळायला जोडलेली तात्पुरती वायर) राहिला तरी लिफ्ट झकास चालते, म्हणून नुसत्या फेऱ्यांतून तो कधीच सापडत नाही. कारच्या (लिफ्टच्या केबिनच्या) छतावरून इन्स्पेक्शन मोडवर, म्हणजे छतावरच्या बटणांनी हळू चालवत, एकेका मजल्याचं लॉक हाताने उघडून धरा आणि रनचं बटण दाबा. कार जागची हलता कामा नये. हे आठही मजल्यांवर करा, फक्त तिसऱ्यावर नाही.

मग लॉकच्या हुकाची पकड. दार हाताने सावकाश बंद करा आणि कॉन्टॅक्ट लागतो त्याच क्षणी थांबा. तेव्हा हुक किमान 7 मिमी अडकलेला हवा. 7 मिमीच्या ड्रिल बिटचा दांडा गेज म्हणून चालतो. पूर्ण बंद दारावर माप घेतलं तर ते नेहमीच बरं दिसतं, त्याला अर्थ नाही.

पिट_ते_मशीनरूम: वरच्यात भर. कार वेगळ्या मजल्यावर ठेवून लँडिंगचं (मजल्यावरचं) दार चावीने उघडा आणि सोडा, ते आपोआप बंद होऊन लॉक व्हायला हवं. पूर्ण उघडून सोडलं की दार वेगातच बंद होतं; खरी परीक्षा एकदा हातभर आणि एकदा चार बोटं फट ठेवून सोडण्याची. तिथे वेग नसतो आणि हुकही उचलावा लागतो. अडलं तर आधी सिलची खाच खरवडून साफ करा, मग हँगरच्या (दार ज्यावर लटकतं त्या पट्टीच्या) खालच्या एक्सेंट्रिक रोलरची, म्हणजे फिरवून फट कमी-जास्त करता येणाऱ्या चाकाची, फट बघा. तो ट्रॅकला घासत असेल तर दार बंद करणारी स्प्रिंग कितीही ताणा, उपयोग नाही. उघड्या दाराशी एकट्याने हे करू नका, बॅरिकेड लावा.

ठाणे_लिफ्ट: आणि बंद होणाऱ्या दाराचा दाब, लाइट कर्टन (दारात काही आलं की ओळखणारा किरणांचा पडदा)?

शाफ्टवाला: दाब 150 न्यूटन, म्हणजे साधारण 15 किलोच्या वर नको. पहिला एक-तृतीयांश प्रवास सोडून पुढे मोजा. कर्टनसाठी 50 मिमीचा पाइप: सिलच्या जरा वर, गुडघ्याशी, छातीशी. हात घालून बघणं ही तपासणी नव्हे. लहान मुलाचा पाय खालीच असतो. आकडे मजल्यानुसार लॉगबुकात लिहा, पुढच्या सर्व्हिसला कुठली स्प्रिंग सैल पडतेय ते त्यावरूनच कळतं.