तापीतलं विरघळलेलं सेंद्रिय द्रव्य समुद्रापर्यंत मोजायचंय, मदत हवी आहे

राम राम मंडळी. मुक्काम भुसावळ, एम.एस्सी. रसायनशास्त्र. प्रोजेक्टचा विषय: तापीतून विरघळून जाणाऱ्या सेंद्रिय कार्बनचं खंबायतच्या आखाताशी पोचल्यावर काय होतं. घरचे म्हणतात, खान्देशात समुद्र कुठून आणला? पण काळ्या रानातलं, गावच्या नाल्यांतलं जे पाण्यात उतरतं ते शेवटी सुरतेलाच जातं ना! जगभरच्या समुद्रांत असा विरघळलेला कार्बन साधारण ६६० अब्ज टन आहे, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधल्या कार्बनच्या तोडीचा. नद्या एवढं ओतत असताना खोल समुद्रात जमिनीकडचा अंश मात्र जेमतेम सापडतो. मला हेच कोडं आवडलं.

अडचण उकाईची. धरणात पाणी महिनोन्‌महिने थांबतं, उन्हानं त्याचा रंग उडतो, जिवाणू काही खातात, शेवाळ नवीन काही सोडतं. मग सुरतेच्या नमुन्यात खान्देशचं उरतं किती? नमुने धरणाच्या वरच्या प्रकाशा गावी, उकाईच्या खाली आणि सुरतेत कॉजवेखालच्या (नदीवरच्या बंधाऱ्याखालच्या) खाडीत घेतले तर चालेल का?

दुसरं, टीओसी (एकूण सेंद्रिय कार्बन मोजणारं) मशीन कॉलेजात नाही. यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर (पाणी अतिनील प्रकाश किती शोषतं ते मोजणारं यंत्र) आहे. गाइड म्हणतात २५४ नॅनोमीटरवर शोषण मोज, झालं काम. मला ते पटत नाही. श्रावणात पुलाखालचं पाणी गाळूनही फिक्या चहासारखं पिवळट राहतं, त्यात लोहही असणार. शिवाय रावेर-यावलच्या केळीला ठिबकमधून दिलेल्या खताचं नायट्रेट. आकडा नेमका कशाचा मानायचा?

उत्तर – खाडीकाठचा

भाऊ, शंका रास्त आहे. नायट्रेटची गडबड मुख्यतः २४० च्या खाली, २५४ वर लोह जास्त छळतं. ते वेगळं मोजून वजा करा. आणि शोषणावरून फक्त रंगीत भाग कळतो, कार्बन नाही. प्रत्येक ठिकाणचे थोडे नमुने टीओसी असलेल्या लॅबला पाठवून दोन्ही आकड्यांचा मेळ घाला. २७५ ते २९५ नॅनोमीटरमधला शोषणाच्या आलेखाचा उतारही काढा: उन्हानं रंग उडाला की तो साधारणपणे वाढतो. उकाईचा परिणाम तिथंच दिसावा.

क्युव्हेट (यंत्रात नमुना ठेवायचं छोटं भांडं) क्वार्ट्‌झचंच हवं, काच यूव्ही अडवते. खाडीच्या पाण्याला १० सेंमीचं मिळालं तर उत्तम. काचतंतूचा फिल्टर मफल भट्टीत ४५० अंशांवर भाजून घ्या, नमुना तपकिरी काचेच्या बाटलीत. प्लास्टिकमधून कार्बन झिरपतो. टीओसीचा नमुना आम्लानं पीएच २ वर आणा, शोषणाचा मात्र तसाच थंड ठेवा.

खाडीत क्षारतेसमोर शोषण मांडा. बिंदू सरळ रेषेत आले तर नुसतं मिसळणं, रेषेखाली गेले तर कुठंतरी घट आहे. पण भरती-ओहोटीची वेळ लिहून ठेवा, खंबायतची भरती भलतीच मोठी.

मूळ प्रश्नकर्ता

आभारी आहे भाऊ! लोहाचं प्रमाण फिनान्थ्रोलिननं (लोहाशी रंग देणारं रसायन) काढलं तर चालेल का? ते आमच्याकडे आहे.

खाडीकाठचा

चालेल, फक्त आधी हायड्रॉक्सिलअमाइन घाला म्हणजे फेरिक लोहाचं फेरस होईल, नाहीतर फेरिक मोजायचं राहून जाईल.