नस, शीर, स्नायू आणि चेता

निफाडकडच्या द्राक्षबागेत छाटणीला जाणाऱ्या मावशी 'माझ्या हाताची नस दबली' म्हणतात, तेव्हा त्यांना नेमके काय म्हणायचे असते, असा आपला प्रश्न आहे. नाशिकमध्ये फिजिओथेरपीच्या कामात हे वाक्य मी जवळजवळ रोज ऐकतो आणि दर वेळी पुढचा प्रश्न विचारावाच लागतो, कारण मनगटापाशी आपण तीन निरनिराळ्या गोष्टींना 'नस' म्हणतो: कातडीखाली निळसर दिसणारी रक्ताची शीर, मूठ आवळली की दोरीसारखी वर येणारी कंडरा आणि संवेदना वाहून नेणारी चेता, जी बाहेरून दिसतच नाही.

मावशींची नस ही तिसरी. दिवसभर कात्री दाबल्यावर रात्री अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येतात, हात झटकला की जरा उतरतात आणि करंगळी मात्र शाबूत राहते, यावरून ती ओळखता येते. मनगटातल्या अरुंद वाटेने बोटे दुमडणाऱ्या 9 कंडरा आणि ही एकच चेता जाते. कंडरांची आवरणे सुजली की दाब तिच्यावर पडतो. मुंग्या करंगळीत असतील, तर बहुधा कोपरामागच्या हाडाच्या खोबणीतून जाणारी चेता अडचणीत असते. दाराच्या चौकटीवर कोपर आपटल्यावर जिच्यामुळे झिणझिण्या येतात, तीच ही.

ही सरमिसळ नेहमीच निरुपद्रवी नसते. संक्रांतीला येवल्याचे आकाश पतंगांनी भरते. अशा वेळी मांज्याने मनगट कापले आणि रक्त थांबले, की 'नस वाचली' म्हणून घरचे निश्चिंत होतात. वाचलेली असते ती शीर. बोटाचे टोक बधिर झाले आहे का, हे कोणी पाहत नाही.

'स्नायू'ची गंमत आणखी वेगळी आहे. मराठीत तो मांसाचा, हिंदीत आणि बंगालीत चेतेचा, तर सुश्रुतसंहितेत, जिथे त्यांची संख्या 900 सांगितली आहे, तिथे बांधून ठेवणाऱ्या धाग्यांचा वाचक. त्यामुळे हिंदीवरून उतरवलेल्या पत्रकात 'स्नायुविकार' दिसला, तर मूळ मजकूर जरूर पाहावा.

राहिला 'मज्जातंतू'. शब्द रुळलेला आहे, पण चेता हा अनेक तंतूंचा जुडगा असतो, एक तंतू नव्हे. हर्बर्ट सेडन यांनी 1943 मध्ये चेतांच्या इजांचे तीन प्रकार मांडले: पहिल्यात फक्त संदेश अडतो, दुसऱ्यात आतले तंतू तुटतात, पण आवरण टिकल्यामुळे ते दिवसाला साधारण 1 मिलिमीटर या गतीने पुन्हा वाढतात, तिसऱ्यात अख्खी चेताच तुटते आणि ती सहसा शस्त्रक्रियेने जोडावी लागते. नुसते 'मज्जातंतू तुटला' लिहिले, तर दुसरा प्रकार की तिसरा, हे वाचणाऱ्याला कळणार कसे? म्हणून लेखनात मी जुडग्याला 'चेता' आणि आतल्या धाग्याला 'चेतातंतू' म्हणतो. मावशींशी बोलताना मात्र 'नस'च म्हणतो, आणि मुंग्या कोणत्या बोटाला येतात ते आधी विचारतो.