‘खडक’ आणि ‘धोंडा’ यांत नेमका फरक कोणता?

सातारकर
नमस्कार. माझ्या सहावीतल्या मुलीने अजिंक्यताऱ्याच्या सहलीवरील निबंधात ‘पावसामुळे वाटेवर दोन मोठे खडक येऊन पडले होते’ असे लिहिले. ते ऐकताच माझी आई म्हणाली, ‘खडक कसा पडेल? पडतो तो धोंडा.’ मी आजवर दोन्ही शब्द मोठा दगड याच अर्थाने वापरत आलो आहे. आईचे म्हणणे बरोबर असेल, तर हा भेद लेखनातही पाळावा का?

विहीर-बारव, कराड
आपल्या आईंचे म्हणणे अगदी बरोबर आहे. विहीर खोदताना माती संपली की मुरूम लागतो आणि मुरुमाखाली ‘खडक लागला’ असे आम्ही म्हणतो, कारण तो जमिनीला धरून असलेला, सलग असतो आणि सुरुंगाशिवाय हलत नाही. सुरुंगाने फुटून जो मोठा तुकडा सुटा होतो, तो मात्र धोंडा. त्याला पहार लावून ढकलता येते. खडक उघडा आणि सपाट असेल तर तो कातळ, आणि नदीने घासून गुळगुळीत केलेला दगड म्हणजे गोटा.

कृष्णाकाठ, सांगली
वाक्प्रचारही हेच सांगतात. आपण पायावर धोंडा पाडून घेतो, खडक नव्हे. गलबत मात्र खडकावर आपटते. मला यात सर्वांत सुंदर वाटतो तो ‘धोंड’ हा स्त्रीलिंगी शब्द. गाडा आणि गाडी यांप्रमाणे मराठीत स्त्रीलिंगी रूप बहुधा लहान वस्तूचे असते, पण धोंड ही धोंड्याहून मोठी, आणि म्हणूनच नकोसा भार गळ्यात पडतो तो धोंड होऊन. आधीची मुले दगावलेल्या घरात, निदान हे तरी जगावे म्हणून, मुलाचे नाव धोंडिबा किंवा दगडू ठेवत असत. त्या नावांमागची आईबापांची भीती आठवली की या शब्दाला कोणी गावंढळ म्हटलेले मला सहन होत नाही.

भूगोलाचा विद्यार्थी
एक अपवाद नोंदवतो. भूगोलात ‘खडक’ ही द्रव्याची संज्ञा आहे, त्यामुळे बेसॉल्टचा मुठीएवढा तुकडाही अग्निजन्य खडकच ठरतो. आपल्या डोंगरउतारांवर दिसणारे गोलसर धोंडे याच बेसॉल्टचे असतात: भेगांतून पाणी मुरते, कोपरे आधी झिजतात, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर सुटत जातात आणि मधला घट्ट गाभा उरतो. भोवतालची माती वाहून गेली की तो मोकळा होऊन घरंगळतो. निबंधातल्या वाक्यासाठी म्हणूनच ‘धोंडे’ हाच शब्द योग्य आहे.

सातारकर
सर्वांचे मनापासून आभार. मुलीने ‘धोंडे’ अशी दुरुस्ती करून निबंध आजीला वाचून दाखवला, तेव्हा पुढच्या परिच्छेदातले ‘सपाट दगडावर बसून आम्ही सर्वांनी डबा खाल्ला’ हे वाक्यही आजीने ‘कातळावर बसून’ असे करून घेतले.