शब्दचर्चा : 'रेस्टिट्यूशन'ला मराठीत काय म्हणायचं? (परतावा चालत नाही)

धंतोलीवाला :
मंडळी, मदत पाहिजे. आमच्या वाचनालयात हिटलरच्या काळात लुटलेल्या चित्रांवर स्लाइड शो करून राहिलो आणि दुसऱ्याच स्लाइडवर अडकलो. रेस्टिट्यूशन, म्हणजे लुटलेली वस्तू मूळ मालकाला नाहीतर त्याच्या वारसांना देणं, याला शब्दकोशात परतावा, परतफेड, भरपाई असं सापडतं. परतावा म्हटलं की लोकांना म्युच्युअल फंड आठवते, परतफेड म्हटलं की कर्ज, म्हणजे जणू देणाऱ्यानं राजीखुशीनं दिलं होतं. इथे तर १९४० नंतर पॅरिसमधल्या ज्यू घरांतून चित्रं उचलून एका म्युझियममध्ये ढीग लावला होता, हिटलरचा उजवा हात गोअरिंग स्वतः तिथे येऊन पसंत करून घेऊन जाय. तिथेच कामाला असलेली रोझ व्हालाँ नावाची बाई कोणतं चित्र कुठे रवाना झालं ते गुपचूप टिपून ठेवायची, आणि पुढे त्याच नोंदींवरून कितीतरी माल सापडला. आता अशा मालाच्या वापसीला 'परतावा' कसा म्हणू?

काळा_कोट :
प्रत्यर्पण म्हणू नका एवढंच सांगते, ते फरार आरोपीचं होते, चित्राचं नाही. गंमत म्हणजे कोर्टात रेस्टिट्यूशन हा शब्द रोज येतो पण वेगळ्याच कामासाठी. हिंदू विवाह कायद्याचं कलम ९. बायको माहेरी निघून गेली की नवरा टाकतो तो दावा. कागदावर शब्द जड असते पण पक्षकार सरळ म्हणते, मॅडम नांदायची केस टाकायची आहे.

धंतोलीवाला :
म्हणजे चित्र नांदायला परत आलं 😄 हसू नका, मला आवडलं.

संत्राबर्फी :
आधी 'लूट' शब्दाचं बघा काहून की तोच सरळ नाही. (आणि 'इंग्रजांनी लूट हा शब्दही लुटून नेला' हा व्हॉट्सअ‍ॅपवाला विनोद कोणी टाकू नका, शब्द आपल्याकडून गेला हे खरं आहे पण हजारदा ऐकून झालं.) संक्रांतीला बायका वाण लुटतात म्हणजे देतात. दसऱ्याला आपट्याचं सोनं लुटतो ते पण घरोघरी जाऊन वाटतोच ना. आमच्या घरी लहान पोराचं बोरनहाण असलं की त्याला लूटच म्हणत, पोराच्या डोक्यावरून बोरं, मुरमुरे, गोळ्या ओतायच्या आणि बाकी पोरांनी झडप घालायची. एकाच क्रियापदात देणं पण, घेणं पण, आणि मजा लुटणं तर वेगळंच. म्हणून 'नाझींनी लुटलेली चित्रं' ठीक आहे पण 'नाझी लूट' असं मोठ्या अक्षरात लिहिलं तर दिवाळी सेलचं बॅनर वाटते.

बर्डीकर :
ताईंचा मुद्दा बरोबर आहे पण खरी पंचाईत पुढे आहे. जर्मन लोकांकडे याला एक शब्द नाही, निदान तीन आहेत आणि तिन्हीवर भांडणं होतात. राउबकुन्स्ट म्हणजे दरोड्याची कला, नाझींनी ज्यू लोकांकडून हिसकलेली. बॉयटेकुन्स्ट म्हणजे लढाईत हाती लागलेली, हा शब्द ते वापरतात रशियन फौजेनं १९४५ नंतर जर्मनीतून नेलेल्या मालासाठी. आणि स्वित्झर्लंडमध्ये फ्लुख्टगूट, म्हणजे पळून आलेल्यानं सोबत आणलेली चित्रं, जी त्यानं पोट भरायला तिथे विकली. आता ही तिसरी चोरी का? कोणी पिस्तूल लावलं नव्हतं, पावती पण आहे, पण घरदार सोडून पळावं लागलं नसतं तर त्यानं विकलं असतं का? आपल्याकडे गावात याला सरळ शब्द आहे, नडीत विकलं. नडीत विकलेल्या वावराचं पण असंच असते, सातबारावर नाव कायद्यानं बदललेलं असते आणि सगळ्या गावाला माहीत असते काय झालं ते. मी तर म्हणतो 'नडविक्री' असा शब्दच करा.

आणि रशियात तर चौथा, ट्रॉफी. चेष्टा नाही, ते खरंच ट्रॉफी कला म्हणतात. आपल्याला ट्रॉफी म्हटलं की विदर्भाची रणजी आठवते पण मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ हरलेल्याची हत्यारं रणात टांगून केलेली विजयाची खूण. १९९८ मध्ये त्यांनी कायदाच केला की तो माल आता रशियाचा, जर्मनीनं आमचं जे जाळलं त्याच्या बदल्यात. त्याच साली वॉशिंग्टनला ४४ देश बसले आणि नाझींनी बळकावलेल्या चित्रांबद्दल 'न्याय्य आणि रास्त तोडगा' काढायचं ठरलं, पण ती तत्त्वं आहेत, कायदा नाही, कोणावर बंधन नाही. रशिया त्यात पण होता, बोला.

तर्रीपोहे :
हे सगळं युरोपचं झालं राजेहो, आपल्या नागपूरच्या पहिल्या रघुजी राजे भोसल्यांची तलवार परत आली त्याचं काय? तिथे कोणता शब्द?

काळा_कोट :
भाऊ तिथे शब्द 'खरेदी'. एप्रिल २०२५ मध्ये लंडनला सदबीजच्या लिलावात निघाली, राज्य सरकारनं मध्यस्थामार्फत बोली लावून घेतली, सगळा खर्च धरून ४७ लाखांच्या वर पैसे गेले. आली ते चांगलंच झालं, मला पण आनंद झाला, पण विकत घेतलेल्याला वापसी म्हटलं की ज्याच्याकडे होती तो आपोआप मालक ठरते. पेपरवाल्यांनी सरसकट 'परत आणली' लिहिलं. आणली खरं, परत *दिली* नाही कोणी.

बर्डीकर :
+१. त्या तलवारीवर सोन्यात देवनागरी अक्षरं आहेत, 'श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेब सुभा फिरंग'. फिरंग म्हणजे युरोपातलं पातं बसवलेली तलवार. म्हणजे पातं तिकडून इकडे आलं, मूठ चढली, नाव कोरलं, मग तिकडे गेलं, आता पुन्हा इकडे. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर गेली असावी म्हणतात. त्या मोहिमेतल्या लुटीला इंग्रज 'प्राइझ मनी' म्हणायचे, साहेबापासून शिपायापर्यंत हिस्से ठरलेले आणि दख्खनच्या त्या हिश्श्यांवरून त्यांच्यातच वर्षानुवर्षं भांडण चाललं. बक्षीस म्हणे!

काळा_कोट :
आणि १८५३ मध्ये तिसरे रघुजी वारल्यावर डलहौसीनं जे केलं त्याला आपण आजही काय म्हणतो? संस्थान 'खालसा' केलं. खालसा म्हणजे मुळात शुद्ध, निव्वळ सरकारी. राजवाड्यातले दागिने, हत्ती, घोडे लिलावात फुंकले आणि आपल्या पुस्तकात शब्द कसा स्वच्छ.

संत्राबर्फी :
एक कडू बोलू का. रागावू नका. याच पहिल्या रघुजींच्या फौजा १७४० च्या दशकात बंगालमध्ये शिरल्या, तिकडे आजही पोरांना झोपवताना 'बर्गी आले' असं अंगाईत म्हणतात. बर्गी म्हणजे आपला बारगीर, सरकारी घोड्यावरचा स्वार. आपल्या शब्दाचा तिकडे बागुलबुवा झाला. आपल्या बखरींत त्याला मुलूखगिरी म्हणतात, चौथाई वसूल करणे म्हणतात. ज्याची वस्तू गेली तो लूट म्हणते, ज्यानं नेली त्याच्याकडे वेगळा शब्द तयारच असते.

तर्रीपोहे :
ताई तुम्ही कोणाकडून आहात 😅 बरं, मुद्दा आहे.

धंतोलीवाला :
धागा भारी चालला. आता चौथी स्लाइड. ऑस्ट्रियन चित्रकार क्लिम्टनं काढलेलं आडेले ब्लॉख-बाउअर या बाईचं सोनेरी चित्र, २००६ मध्ये ऑस्ट्रियानं पाच चित्रं मारिया आल्टमान या वारसदार बाईंना दिली. इंग्रजीत त्यांना आडेलेची 'नीस' म्हणतात. भाची लिहू की पुतणी?

बर्डीकर :
दोन्ही! दोघा भावांनी दोघी बहिणी केल्या होत्या. मारियाची आई आडेलेची बहीण आणि बाप आडेलेच्या नवऱ्याचा, फर्डिनांडचा, भाऊ. आडेलेकडून भाची, फर्डिनांडकडून पुतणी. आणि चित्रं मागितली ती फर्डिनांडच्या मृत्युपत्रावरून, म्हणजे दाव्यापुरती पुतणी. इंग्रजीवाल्यांना हा प्रश्न पडतच नाही.

काळा_कोट :
हे मस्त. मग रेस्टिट्यूशनसाठी माझं मत, एक शब्द शोधू नका. मालकी मान्य करून दिलं तर 'मालकाला वापस', आपण नागपूरकर वापसच म्हणतो, पुण्यात नाक मुरडतील, मुरडू द्या. पैसे देऊन आणलं तर 'सोडवून आणलं', गहाण दागिना सोडवतो तसं.

धंतोलीवाला :
वापस पक्कं. 'सोडवून आणलं' तलवारीला लावतो, एक स्लाइड वाढवतो. राहिला प्रॉव्हेनन्स, म्हणजे चित्र कोणाकडून कोणाकडे गेलं त्याचा माग. बर्डीकरांच्या सातबारावरून मी 'चित्राचे फेरफार' लिहिलं आणि आईला वाचून दाखवलं. ती म्हणे, कोणाचं वावर गेलं रे?